भांड्यांवर नावे टाकून मिळतील

मनीराम बांते यांच्या घरात एकाही भांड्यावर मनीराम बांते हे नाव नाही. पाण्याच्या पेल्यावर ‘चि. रमेश यास बारशानिमित्त’, जेवायच्या ताटावर ‘कु. निर्मला हिला दहावी पास झाल्याबद्दल मोठ्या मामाकडून’, आणि ज्या गंजात ते सकाळचा भात शिजवतात त्याच्यावर तर चक्क ‘हनुमान मंदिर पंच कमेटी, घरी नेऊ नये’. एकदा त्यांच्या शेजारी बदलून आलेला एक पोलीस शिपाई राहायला आला. ओळख व्हावी म्हणून बांते काकाजींनी त्याला चहाला बोलावलं. त्यानं चहाचा पेला वाचला, साखरेचा डबा वाचला, मग मांडणीवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवली आणि चहा अर्धाच ठेवून विचारलं, “काकाजी, तुमचा धंदा काय हो?”

“नावं टाकाचा,” काकाजी म्हणाले.

बिचाऱ्याच्या घशाखाली उरलेला चहा काही उतरला नाही.

आता खरं सांगते. काकाजी भंडाऱ्याच्या बाजारात एका भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसतात आणि विकत घेतलेल्या भांड्यांवर नावं टाकून देतात. पूर्वी छिन्नी-हातोडी होती, टिंबाला टिंब लावून अक्षर काढायचं. आता विजेची मशीन आहे, ती दातदुखीच्या डॉक्टरकडे वाजते तशी वाजते. त्याच दुकानात लोक जुनी पितळ मोडीत द्यायला येतात आणि बदल्यात स्टील घेऊन जातात. मोडीचं पोतं भट्टीकडे निघालं की काकाजी आधी त्यात हात घालतात. आपल्या हातचं अक्षर निघालं की झालं. दिवसाची कमाई शेठच्या हातावर ठेवून ते भांडं घरी घेऊन जातात. “मायासमोर नाव वितळू देऊ का बाप्पा?” असं वर विचारतात. काकू गेल्यापासून घरात एकटा माणूस आणि भांडी अख्ख्या मोहल्ल्याला पुरतील इतकी.

मी वंदना. त्या ओट्याच्या बरोबर समोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, इंटरनेट, ऑनलाइन फॉर्म, सगळं. तोंडानं मी फटकळ आहे, हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगून ठेवते. काकाजींना मी घालून पाडून बोलले नाही असा एक दिवस गेला नसेल. तरी हा माणूस रोज दुकान उघडलं की समोरून हात जोडणार. देवाला नाही, मला. म्हणजे माझ्या रागाला पण लाज वाटली पाहिजे अशी व्यवस्था.

एक दिवस ते माझ्या दुकानात येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. चष्मा पुसला, घातला, पुन्हा काढून पुसला.

“बाई, मले एक वेबसाइट पायजे.”

“कायले?”

“धंदा बसला ना वो. लग्नात आता लोक पाकीट देतेत. नाही तं खोक्यात बंद मिक्सर. मिक्सरवर नाव टाकू का? चालूच नाही होनार तो.”

ते खरंच होतं. मला पटलं. धंद्यासाठी म्हणून मी कामाला लागले. काकाजींना त्या वेबसाइटवरून गिऱ्हाईक नव्हे, एक रुसलेलं माणूस परत आणायचं होतं, हे मला पुढे बरेच महिने कळलं नाही. ज्याला कळायला पाहिजे होतं त्यालाही कळत नव्हतं.

मी त्याआधी एका लग्नाच्या लॉनची आणि एका राइस मिलची वेबसाइट करून दिली होती, त्यामुळे या विषयातली मी आमच्या गल्लीपुरती पंडित होते. काकाजींना म्हटलं, “पैसे घालवू नका. ब्लॉगच्या जागेवर फुकटात वेबसाइट होते. वर चार पानं करू. तुम्ही कोण, काम काय करता, कुठे बसता, फोन नंबर काय. गिऱ्हाइकाला एवढंच लागतं. आणि खाली तुम्ही दर आठवड्याला काहीतरी नवीन लिहायचं. लिहीत राहिलं की लोक येत राहतात. बंद दुकानात कोणी शिरत नाही.”

काकाजींनी प्रवचनाला बसल्यासारखं सगळं ऐकून घेतलं. “मंगळवारी लिहिलं तं चालन का? मंगळवारी काम कमी रायते.”

“चालेल.”

“अन् लिहीन मीच. दुसऱ्याच्या हातानं नाव टाकत नसतेत.”

मी त्यांना मराठी टायपिंग शिकवलं. शिकले एका बोटानं, पण शिकले. पहिलं पान त्यांनी स्वतः टाइप केलं आणि मला अभिमानानं बोलावलं. पडद्यावर होतं:

‘भां. ना. टा. मि. पि. तां. स्टी. चु. ना. का. मि. ना.’

मी दोनदा वाचलं. “काकाजी, हे काय आहे? मंत्र आहे का?”

त्यांनी घडाघडा वाचून दाखवलं. “भांड्यांवर नावे टाकून मिळतील. पितळ, तांबा, स्टील. चुकलेलं नाव काढून मिळनार नाही.”

“हे जगात कोणाला कळेल?”

“अक्षराले पैसे लागतेत बाई. कायले वाढवा?”

उभा जन्म हा माणूस अक्षरावर पैसे घेत आला होता. गिऱ्हाइकाचा खर्च वाचावा म्हणून सप्रेम भेटीचं ‘स. भे.’ करत आला होता. मी डोक्याला हात लावला. “काकाजी, इथं अक्षराला पैसे नाहीत. फुकट आहे.”

“फुकट? किती अक्षरं?”

“कितीही.”

“मोठं नाव असलं तरीबी?”

“पूर्ण खानदानाचं लिहा.”

 ते उठून ओट्यावर गेले आणि त्या दुपारी त्यांनी मशीन चालूच केली नाही. मला वाटलं, आपलं बोलणं लागलं की काय. लागलं नव्हतं. अक्षर फुकट मिळतं ही गोष्ट पचायला त्यांना थोडा वेळ हवा होता, एवढंच.

दुसरं भांडण खोडण्यावरून. धातूवर टाकलेलं अक्षर खोडता येत नाही. तिथं चूक झाली की ही मंडळी त्या अक्षरावर फुलपान काढतात आणि नाव पुढे नेतात. तुमच्या आजीच्या कळशीवर नावाच्या मधोमध उगाच एखादं कमळ असेल तर ते नक्षीकाम नाही, चूक आहे. काकाजींनी हाच कायदा कॉम्प्युटरला लावला. चुकलं की मागे जाऊन खोडायचं नाही, तिथं चांदणीचं चिन्ह द्यायचं आणि पुढे चालायचं. त्यांच्या पहिल्या चार पोस्ट तर चांदण्यांनीच भरल्या होत्या. मी खोडायचं बटण दाखवलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना खोटी सही करायला सांगत होते.

“खोडाचं नाही. चुकलं तं फूल.”

फोटोंची वेगळीच तऱ्हा. भांडं घासून लखलखीत केल्याशिवाय ते फोटो काढत नसत. त्यामुळे प्रत्येक फोटोत भांड्याच्या पोटावर मोबाइल धरलेले काकाजी दिसत. परातीत रुंद, तांब्यात लांबोडके, पळीत उलटे. एका बाईनं खाली विचारलं होतं की ‘प्रत्येक भांड्यावर हे काका काढून मिळतात का?’

आणि पहिल्या पानावर फोन नंबर मोठा टाका म्हटलं, तर त्यांनी मोठ्या अक्षरात हे टाकलं: ‘नवरीचं नाव टाकण्याचे पैसे नाहीत.’

हा त्यांचा जुना हट्ट. लोक भेट देतात ताट आणि नाव टाकायला सांगतात फक्त आपलं. अमुक तमुक यांजकडून सप्रेम. काकाजी मशीन खाली ठेवून विचारणार, “अन् जिले देऊन राहिले तिचं?” तिचं कशाला, तिच्याकडेच जाणार आहे ना, असं माणूस म्हणणार. मग काकाजी त्याला न विचारता आधी पोरीचं नाव टाकणार, तिच्या बापाचं टाकणार, माहेरचं गाव टाकणार, आणि त्याखाली देणाऱ्याचं. त्यातही गोंदियाकडचं गाव असेल तर जिल्हा भंडाराच. जिल्हा वेगळा होऊन किती वर्षं झाली, पण काकाजी ऐकत नाहीत. “नाव टाकाले येतेत तं मायाकडेच ना? मंग भंडाराच.” पैसे मात्र मोजून घेणार ते फक्त देणाऱ्याच्या अक्षरांचे. मी म्हणायची, “काकाजी, असा धंदा असतो का?” ते म्हणायचे, “असते ना. हा काय.”

मंगळवारच्या पोस्टमध्ये त्यांनी कामाचे नमुने टाकावेत, भाव टाकावेत, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी काय टाकलं? मोडीतून आणलेली भांडी. एकेक भांडं, त्यावरचं पूर्ण नाव, गाव, आणि खाली एक ओळ: ‘ज्यांचे असेल त्यांनी ओळख पटवून घेऊन जावे.’

“आणि किंमत?” मी विचारलं.

“ज्याचं नाव त्याचं भांडं. किंमत कायची?”

“तुम्ही मोडीचे पैसे भरले ना?”

“ते माया शौकाचे.”

  साइटवर किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा मी खाली लावून दिला होता, तर त्याचाही त्यांना त्रास. रोज येऊन विचारायचे, “इतके आले अन् एकबी काही नाही बोलला? आले, उभे राहिले, अन् पानी न पेता गेले?” त्यांच्या हिशेबानं दारात आलेला माणूस असा जाऊ देणं म्हणजे घरधन्याची नाचक्की. शेवटी तो आकडा मीच काढून टाकला.

पण झालं असं की माझी पंडिती राहिली बाजूला आणि साइट चालायला लागली. त्या काळात खेड्यापाड्यांची नावं इंटरनेटवर देवनागरीत फारशी नव्हतीच. पुण्यात, सुरतेत बसलेल्या एखाद्यानं सहज म्हणून आपल्या गावाचं नाव टाकून पाहिलं की समोर काकाजींचं पितळी ताट. एका माणसाचा फोन आला. त्याच्या आईचा तांब्या होता. ती वारून वर्ष झालं होतं आणि तिच्या हयातीतच कुणीतरी तो मोडीत घातला होता. तो माणूस गाडी करून आला, तांब्या छातीशी धरून ओट्यावरच बसून राहिला, आणि जाताना भाचीच्या लग्नासाठी भांड्यांचा अख्खा संच घेऊन त्यावर नावं टाकून गेला. असे आणखी आले. शेठ खूश. मी पण खूश, पण तसं तोंडावर कोण म्हणतं?

अशात माझ्या लक्षात आलं की साइट उघडली की दरवेळी सगळ्यात वर एकच भांडं दिसतं. एक जुनं पितळेचं गुंड, पाणी भरायचं, काठाला पोचा आलेलं. अक्षरं वेडीवाकडी, शिकाऊ हाताची. दर मंगळवारी काकाजी एक नवीन भांडं टाकायचे आणि त्याच्यामागून पुन्हा हे गुंड टाकायचे. तेच गुंड, तोच फोटो, तीच ओळ.

“काकाजी, एकदा टाकलेली पोस्ट जात नाही. राहते ती.”

“राहते, पन खाली जाते ना?”

“जाईना का. नव्यासाठी जागा होते.”

“ते खाली नाही गेलं पायजे.”

“अहो, लोक साइट उघडतात आणि पहिलं काय दिसतं, तर पोचा आलेलं गुंड! नवीन ताटं वर येऊ द्या. मी काढते हे.” मी माऊस हातात घेतला.

“हात लावू नको!”

काकाजींचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता म्हटलं तरी चालेल. जो ऐकला होता तो हा नव्हता.  मी माऊस सोडला. ते खुर्चीवर बसले, आणि पडद्याकडे बघूनच बोलायला लागले, माझ्याकडे नाही.

“ते दुर्पताचं गुंड हाय. मायी लहान बहीन. बपेऱ्याले देल्ली. तिच्या लग्नात मी हे काम शिकूनच राहिलो होतो. माया हातचं पयलं नाव ते.”

“मग तिला फोन करा ना. निरोप पाठवा.”

“बोलत नाही ती मायासंग.”

त्यांचं गाव करडी. वडील गेले तेव्हा तिथं धानाची बांधी, म्हणजे शेत होतं, ती दोघा भावंडांच्या नावावर आली. काकाजी बहिणीला तहसीलीत घेऊन गेले. सोसायटीचा कागद आहे, सही कर, म्हणाले. तो कागद हक्क सोडल्याचा होता.

“तिनं वाचलंबी नाही, बाई. सातवी शिकली होती, वाचता येत होतं तिले. भाऊ सांगून राहिला म्हनून सही केली. अन् बाहेर आलो तं मले म्हने, चाल भाऊ, भजे खाऊ. खाल्ले आम्ही भजे. मी खाल्ले.”

पुढे ते कळायचं तिथं कळलं. तिनं भांडण केलं नाही. फक्त भाऊबीजेला आली नाही, मग कधीच आली नाही. काकाजी दोनदा बपेऱ्याला गेले. तिनं दारातून सांगितलं की घरी कोणी नाही. स्वतः दारात उभी राहून.

“मग जमीन देऊन टाका तिची,” मी म्हटलं.

“कोठून देऊ? तुया काकूच्या बिमारीत विकली.”

मी उगाच माऊसची वायर सरळ करत बसले. 

“मोडीच्या पोत्यात हे गुंड दिसलं तवा मले वाटलं, दुर्पता मेली. दुसऱ्या दिवशी मानूस पाठवून विचारलं. मेली नव्हती. म्हंजे जित्तेपनी टाकून देल्लं तिनं. माहेरच मोडीत देल्लं ना बाई?” त्यांनी डोळे पुसले नाहीत. चष्मा पुसला. “दिसन कधी तिले. कोनी तं दाखवन. म्हनून वर ठेवतो.”

मला एवढा राग आला होता त्यांचा, आणि इतकं वाईट वाटलं, की दोन्ही कुठे ठेवावं ते समजेना. नवरीचं नाव फुकट टाकण्यामागं काय आहे ते आत्ता कळलं. त्यांचा हट्ट नव्हता तो, दंड होता. मी काही न बोलता त्या पोस्टखाली शोधासाठीचे शब्द जोडले: दुर्पता, काशीराम बांते, करडी, बपेरा. माझ्या हातात तेवढंच होतं. त्या दिवसापासून गुंड वर ठेवायचं काम मीच करायला लागले.

धान कापून झाले, मंडईचे, म्हणजे आमच्याकडच्या जत्रांचे, दिवस सुरू झाले. अशाच एका दुपारी एक म्हातारी बाई दुकानाची पायरी चढून आली. हातात थैली, पदर डोक्यावर, चेहऱ्यावर भांडायची पूर्ण तयारी.

“मायं नाव तुया मशीनीत हाय म्हनतेत. आमच्या गावचे गुरुजी सांगत होते. दाखव.”

मला नाव विचारायची गरजच पडली नाही. “आजी, लाइन गेली आहे. आल्यावर दाखवते.”

“केव्हा येते?”

“रोज दुपारी जाते. तास-दीड तासानं येईल.”

“मायी परतीची एस्टी हाय,” असं म्हणून ती बाकावर बसली. उठली मात्र नाही.

समोर ओट्यावर काकाजींची मशीन लाइन गेल्यामुळे बंदच होती. त्यांनी पाहिलं. मग पाण्याचा पेला घेऊन रस्ता ओलांडून आले. ती पेला घेईना, म्हणून बाकावर तिच्या बाजूला ठेवला आणि पेल्याच्या पलीकडे स्वतः बसले. पेला मध्ये. दोघंही माझ्या बंद कॉम्प्युटरकडे बघत बसले. मी एकटीच बोलत होते. उन्हावर बोलले, धानाच्या भावावर बोलले, लाइनवाल्यांना शिव्या घातल्या. कोणी हूं की चूं केलं नाही. 

“गुंड घरी हाय,” शेवटी काकाजी म्हणाले. “घासून ठेवलं.”

“ठेव.”

“काहून मोडीत देल्लं, दुर्पता?”

“बुडाले भोक पडलं होतं.”

“म्हंजे?”

“म्हंजे काय म्हंजे? पानी ठयरत नव्हतं त्याच्यात. झाल मारून भोक बुजवनारा आता गावात येत नाही. सून म्हने देऊन टाका, देल्लं.”

काकाजींनी ते गुंड किती वेळा घासलं असेल, किती कोनांतून त्याचे फोटो काढले असतील. त्यात एकदा पाणी भरून पाहिलं नव्हतं. मला हसू आलं आणि मी ते ओढणीत दाबलं.

“रागानं नाही देल्लं?” त्यांनी विचारलं.

“गुंडाचा राग कायले असन, भाऊ?” ती पहिल्यांदा त्यांच्याकडे वळली. “राग तुया हाय.”

काकाजींनी मान हलवली. बरोबर आहे, अशी.

तेवढ्यात पंखा फिरला. लाइन आली. मी कॉम्प्युटर चालू केला, साइट उघडली. सगळ्यात वर गुंड. मी बोट ठेवून वाचून दाखवायला लागले, तर ती म्हणाली, “मले वाचता येते.” आणि हळूहळू, ओठ हलवत तिनं वाचलं. चि. सौ. कां. दुर्पता काशीराम बांते, करडी. दोनदा वाचलं.

“दुर्पता म्हननारं आता कोनी नाही,” ती मला म्हणाली. “कोनाची माय, कोनाची आजी, कोनाची सासू.” मग पडद्याकडे बोट करून, “हे कोन कोन पाह्यते?”

“ज्याच्याकडे इंटरनेट आहे तो कोणीही. पुण्याचे बघतात, दुबईचे पण बघतात.”

“आमच्या करडीचे? बपेऱ्याचे?”

“ते पण बघतात, आजी. गुरुजींनी पाहिलंच ना.”

“मंग वावराचंबी टाक म्हना त्याले.”

 काकाजी खाली बघत होते. मी धंद्यावर जगणारी बाई, माझ्यानं राहवलं नाही. “आजी, ही धंद्याची साइट आहे हो. गिऱ्हाईक येतात इथं. असलं घरचं लिहिलं तर कोण यांच्याकडून पोरीच्या लग्नाच्या भांड्यांवर नाव टाकून घेईल? आत्ता कुठं काम मिळायला लागलंय.”

“मायं गुंड धंद्याचं होतं का बाई?” ती म्हणाली. “मायं नाव दुबईपासून दिसते, चांगलं हाय. भाऊ बहिनीसाठी कसा जीव टाकते, तेबी दिसते. गुरुजी म्हने, आजी, भाऊ असावा तं असा. मी काय सांगू गुरुजीले?”



काकाजी उठले. माझ्या खुर्चीजवळ येऊन उभे राहिले, म्हणून मी जागा दिली. ते बसले आणि एका बोटानं लिहायला लागले. दुर्पताबाई त्यांच्या मागं उभी राहून एकेक अक्षर उमटताना बघत होती. मी बाजूला उभी होते, आणि काम जाईल, लोक थुंकतील, शेठ ओट्यावरून उठवेल, असं सगळं माझ्या डोक्यात चाललं होतं. फार वेळ लागला. त्यांनी लिहिलं ते असं:

‘करडी येथील काशीराम बांते यांची बांधी मनीराम आणि दुर्पता या दोघांची होती. मी मनीराम याने लालचीने बहिणीचे नाव काढले.’

“सोसायटीचा कागद म्हनला होता,” मागून आवाज आला.

त्यांनी लिहिलं: ‘सोसायटीचा कागद आहे असे खोटे सांगून सही घेतली. तिने वाचले नाही कारण मी भाऊ होतो. जमीन मी विकली. आता देता येत नाही.’

ते थांबले. तिनं आणखी काही सांगितलं नाही.

“आता साऱ्याईले दिसते का?” काकाजींनी मला विचारलं.

“हे बटण दाबलं की दिसेल. काकाजी, एकदा विचार करा. रात्रभर राहू द्या.”

त्यांनी बटण दाबलं. पान पुन्हा उघडलं. सगळ्यात वर ती पोस्ट होती, आणि गुंड तिच्याखाली गेलं होतं. मी सवयीनं माऊसकडे हात नेला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

दुर्पताबाईनं पूर्ण वाचलं. घाई केली नाही. बाहेर रस्त्यावर सावल्या लांबल्या होत्या आणि तिची एस्टी कधीच निघून गेली असणार, पण ते तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही. वाचून झाल्यावर ती बाकाजवळ गेली, मघाचा पेला उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं, आणि रिकामा पेला आणि आपली थैली दोन्ही भावाच्या हातात दिली.

“चाल,” ती म्हणाली. “घरी काही शिजवलं हाय का? सकाळपासून उपाशी हाव मी.”